आमची सोलरची वाटचाल : आधी बिल बघतो, मग छत

२००९ साली लालबागला दहा बाय बाराच्या गाळ्यात मी आणि माझ्या मावसभावाने इन्व्हर्टर-बॅटरी दुरुस्तीचं दुकान टाकलं. मुंबईत लाइट फारशी जात नाही, त्यामुळे आमचं गिऱ्हाईक मुंबईत राहणारं असलं तरी काम गावाकडचं. मे महिन्यात नाहीतर गणपतीला निघालेला चाकरमानी आमच्याकडून बॅटरी बांधून न्यायचा. पुढची सहा वर्षं असंच चाललं.

२०१५ मध्ये महाराष्ट्रात छतावरच्या सोलरसाठी नेट मीटरिंगचे नियम आले. दिवसा पॅनलने बनवलेली जास्तीची वीज लाइनवर जाते आणि रात्री आपण वापरलेल्या युनिटांतून तेवढी वजा होते. आम्ही दोघांनी त्याचं शिक्षण घेतलं आणि पहिलं मोठं काम मिळालं ते आमच्याच गावात. मंडणगड तालुक्यातलं साठेक उंबऱ्यांचं गाव. गिरणीतून निवृत्त होऊन गावी राहिलेले तात्या आणि काकू. डोंबिवलीच्या मुलाने पैसे दिले आणि आम्ही स्लॅबवर दहा पॅनल, म्हणजे सव्वातीन किलोवॅट, बसवून मोकळे झालो.

ती आमची चूक होती. आपल्याकडे १ किलोवॅटमागे वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला ४ युनिट सहज मिळतात. तात्यांच्या छतावर रोज १२-१३ युनिट तयार व्हायची आणि दोन म्हातारी माणसं वापरायची अडीच. पंखा, टीव्ही, चार दिवे, छोटा फ्रिज. उरलेली युनिटं वर्षभर साठत गेली आणि ३१ मार्चला वर्ष संपलं तेव्हा त्यांचा हिशेब अगदी कमी दराने झाला. बिलातला स्थिर आकार तर वापर कितीही असो, भरावा लागतोच. तात्या कधी एका शब्दाने बोलले नाहीत, पण त्यांच्या मुलाने घातलेले पैसे बिलातून वसूल होणार नव्हते, हे आम्हाला कागदावर स्वच्छ दिसत होतं. दोन वर्षांनी आम्ही त्यातले सहा पॅनल पैसे देऊन परत घेतले.

तेव्हापासून आम्ही छतावर चढण्याआधी घरात बसतो. बारा महिन्यांची बिलं मागतो. सिलिंडर किती दिवस पुरतो, अंघोळीचं पाणी कशावर तापतं, विहिरीवर पंप आहे का, हे विचारतो. गावातल्या घराचा इंधनाचा खर्च एकट्या विजेच्या बिलात मावत नाही. साडेसातशेचं बिल भरणारं घर तेवढाच पैसा सिलिंडरला घालतं, वर पावसाआधी लाकूडफाटा भरून ठेवतं. त्या फाट्याची मजुरी कुणी मोजत नाही, कारण ती बहुतेक घरातल्या बायकांची असते. बरेचदा पाणी तापवण्याचा सोलर बंब त्या घराला पॅनलपेक्षा जास्त कामाचा असतो, आणि मग आम्ही तोच घ्या म्हणतो.

तात्यांकडून आणलेले सहा पॅनल वर्षभर गाळ्यात पडून होते. गावाच्या मुंबई मंडळाची बैठक परळला गावकीच्या खोलीत भरते. तिथे विषय निघाला की वाडीच्या विहिरीवरच्या २ एचपी पंपाचं बिल थकलंय आणि घरटी वर्गणी जमत नाही. मी म्हटलं, पॅनल माझे, पंप आणि कंट्रोलर मंडळाने घ्यावा. बॅटरीची गरजच नव्हती. ऊन असेल तेव्हा पंप चालतो, पाणी वरच्या टाकीत चढतं, आणि रात्री-पहाटे टाकीतून नळाला येतं. सगळ्यात जास्त पाणी लागतं एप्रिल-मेमध्ये, आणि ऊनही तेव्हाच सगळ्यात कडक. पावसाळ्यात पॅनलचं उत्पादन निम्म्यावर येतं, पण तेव्हा पाण्याची ओढही नसते. जुनी वीजजोडणी अडीनडीला ठेवली आहे. आजवर केलेल्या कामांत मला हे सर्वांत मोलाचं वाटतं.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात गावचे खांब आडवे झाले आणि कित्येक दिवस काळोख होता. तात्यांचा फोन आला, "ऊन पडलंय, पॅनल जागेवर आहेत, मग लाइट का नाय?" लाइनवर वीज नसली की नेट मीटरच्या सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र, स्वतःहून बंद पडतो. नाहीतर आपली वीज उलटी लाइनवर जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. हे बसवतानाच सांगायला हवं होतं, आम्ही सांगितलं नव्हतं. आता पहिल्याच भेटीत सांगतो, आणि कोकणात चार दिवे, पंखा, मोबाइल चालेल एवढी छोटी बॅटरी सोबत घ्यायला लावतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये घरांच्या छतावरच्या सोलरला अनुदान देणारी केंद्राची पीएम सूर्यघर योजना सुरू झाल्यावर फोन वाढले. १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ किंवा त्यावर ७८ हजार अनुदान. मोठा आकडा ऐकून प्रत्येकाला तीनच हवे असतात. मग मी वही काढतो. महिन्याला ९० युनिट वापरणाऱ्या घराला १ किलोवॅट पुरतो. आमच्या दराने तो साधारण ६५ हजारांत बसतो, अनुदान वजा जाता ३५ हजार, आणि महिन्याला सहाशे वाचले तर पाच वर्षांत फिटतात. त्याच घरावर ३ किलोवॅट घातला तर खिशातून लाखभर जातात आणि बचत तेवढीच! आणि वर्षातले अकरा महिने कुलूप असलेल्या घराला मी नाहीच म्हणतो. त्यात आमचे नातेवाईकही रागावले आहेत.

सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम, म्हणजे पूर्णपणे सोलरच्या विजेवर चालणारं गाव, ठरली, तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक बैठकीत विचारतात, आपलं गाव कधी? बारमाही राहती घरं आमच्या गावात ३४ आहेत. त्यातल्या २१ घरांची बिलं माझ्याकडे आली आहेत. काही घरं कौलारू, काहींवर फणसाची सावली, तिथे पडवीच्या पत्र्यावर किंवा अंगणात मांडव घालून जमतंय का ते मोजावं लागेल. उरलेल्या १३ घरांत शिमग्याला जाऊन बसणार आहे.