सामान्यनाम : बोर्ड

आमच्या इंग्रजीच्या सरांची एक शिस्त होती. नवा शब्द आला की नुसतं स्पेलिंग-अर्थ लिहून वही मिटायची नाही. तो शब्द गावात, घरात कुठं कानावर येतो ते शोधून आणायचं. नववीत एकदा ‘बोर्ड’ आला. आम्ही खूश. बोर्ड म्हणजे फळा, त्यात शोधायचं काय?

दुसऱ्या दिवशी निम्म्या वर्गाचे हात वर. दुकानाचा बोर्ड, लाइटच्या बटणांचा बोर्ड, पुढच्या वर्षीची बोर्डाची परीक्षा. एकानं आजोबांची शाळा सांगितली : लोकल बोर्डाची. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि लोकल बोर्डं गेली, पण आजोबा ‘जिल्हा परिषदेची शाळा’ काही म्हणायला तयार नव्हते. मागच्या बाकावरून कॅरमवाल्याचा आवाज आला, “सर, काल आम्ही सलग चार बोर्ड मारले!” वर्ग हसला. सर हसले नाहीत. कॅरमच्या एका डावालाही बोर्डच म्हणतात, हे त्यांनी फळ्यावर वेगळं लिहून घेतलं.

मग त्यांनी या सगळ्याचं मूळ सांगितलं. बोर्ड म्हणजे आधी साधी लाकडी फळी. फळीचं टेबल झालं. टेबलाभोवती कारभारी बसू लागले, तेव्हा त्या माणसांनाच बोर्ड म्हणायला लागले. आपल्याकडं त्याला ‘मंडळ’ म्हणतात. “ते टेबलाला धरून बसले, आपण गोल करून बसलो, एवढाच फरक,” सर म्हणाले. त्याच टेबलावर जेवण वाढलं गेलं, म्हणून बोर्ड म्हणजे जेवणही. तालुक्याच्या स्टँडसमोर ‘बोर्डिंग अँड लॉजिंग’ अशी पाटी असे. त्यातलं लॉजिंग म्हणजे राहणं आणि बोर्डिंग म्हणजे जेवण, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तोवर दोन्ही एकच वाटायचं.

यावर बोर्डिंगातली, म्हणजे वसतिगृहातली पोरं अडून बसली. त्यांच्या बोर्डिंगात टेबल होतंच कुठं? घरून आणलेला शिधा, पाळीपाळीनं स्वयंपाक आणि जमिनीवर पंगत. सरांनी त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवला आणि उरलेला तास शाहू महाराजांवर घेतला. १९०१ साली कोल्हापुरात निघालेलं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी उभी राहिलेली बोर्डिंगं, आणि १९२४ मध्ये कर्मवीर भाऊरावांनी साताऱ्यात काढलेलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवणारं बोर्डिंग. मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं, हे सांगताना सर खिडकीकडं बघत होते. माझ्या मते इंग्रजी शब्दाला इतका मराठी अर्थ दुसरीकडं कुठं चिकटला नसेल. खेड्यातल्या कित्येक घरांत पहिला शिकलेला माणूस बोर्डिंगातूनच आला.

व्याकरण सुटलं नाहीच. ‘ऑन बोर्ड’ म्हणजे जहाजावर, ‘ऑन द बोर्ड’ म्हणजे संचालक मंडळात किंवा फळ्यावर. मधल्या एका ‘द’नं माणूस समुद्रातून मीटिंगमध्ये येतो. जेवण या अर्थानं मात्र बोर्ड मोजता येत नाही, त्याला ‘अ’ लावायचा नाही. ‘स्टारबोर्ड’मध्ये तारा शोधू नका, असंही बजावलं. जुन्या जहाजांना सुकाणूचं वल्हं उजव्या अंगाला असे, म्हणून ती सुकाणूची बाजू. आमच्यातल्या एकानंही तोवर समुद्र पाहिलेला नव्हता, तरी जहाजाची डावी-उजवी पाठ झाली. आणि ‘बोर्डर’ म्हणजे बोर्डिंगातला मुलगा. सीमेवरचा ‘बॉर्डर’ निराळा. हे सांगून सांगून सर थकले. आम्ही दोन्हींचं स्पेलिंग एकसारखंच लिहीत राहिलो, आणि आमच्यातले बरेच जण अजूनही लिहितात.

दहावीनंतर मी आयटीआय केलं आणि वीज मंडळात वायरमन लागलो. गावात वडील सांगत, “पोरगा बोर्डात आहे.” शिक्षणाचं की विजेचं, हे ऐकणाऱ्यानं ओळखायचं. वडिलांनीही कधी खुलासा केला नाही, कारण शिक्षण बोर्डाला मान जास्त! २००५ मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या, आम्ही महावितरणचे झालो, पण खांबावर चढलेला दिसलो की लोक खालून ओरडत, “बोर्डाचं माणूस आलं रे!”

अलीकडं माझ्या सुनेला पुण्यातल्या कंपनीत नोकरी लागली. आठवडाभर तिचं ‘ऑनबोर्डिंग’, म्हणजे नव्या माणसाला कंपनीची आणि कामाची ओळख करून देणं, चाललं होतं. मी सरांच्या हिशेबानं जहाज शोधलं, टेबल शोधलं, जेवणही शोधलं. ती घरातच लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती, आणि जेवण आम्हीच देत होतो.