कासचा काळपट फोटो उजळताना सोनकी जपा

साताऱ्याजवळच्या कास पठारावरचे धुक्यातले फोटो घरी येऊन उघडले की बहुतेक मळकट निघतात. त्यात कॅमेरा बिघडलेला नसतो. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे असं धरूनच कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर एक्स्पोजर (फोटो किती उजळ येणार ते) ठरवतो. अर्ध्या फ्रेममध्ये पांढरं धुकं असलं की तो त्यालाही राखाडी करतो आणि खालची फुलं काळवंडतात. म्हणून धुक्यात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशेबापेक्षा फोटो उजळ करणारी सेटिंग) +०.७ ते +१ ठेवा आणि शक्य असेल तर रॉ मध्ये, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती जपणाऱ्या फाइलमध्ये, काढा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात, १४ बिट रॉमध्ये १६,३८४. सावल्या उचलताना हा फरक लगेच दिसतो: जेपेगमधल्या ओल्या गवतावर ठिपके आणि चट्टे उठतात.

आता आधीच काळपट आलेला फोटो. लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिला हात एक्स्पोजरला लावा, सॅच्युरेशनला (रंगाच्या भडकपणाला) नाही. हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं दाखवणारा आलेख, त्यातला धुक्याचा ढीग उजवीकडे सरकू द्या, पण भिंतीला टेकवू नका. ० (काळा) ते २५५ (पांढरा) या मापावर धुकं २२५ ते २४० च्या आसपास राहिलं तर धुकं वाटतं, २५५ ला कोरा कागद.

खरी गोची सोनकीची. फोटोतला प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन चॅनेलचा बनतो; सोनकीच्या पिवळ्या पाकळीत लाल चॅनेल सगळ्यात वर असतो आणि निळा जवळजवळ शून्य. एकूण हिस्टोग्राम सुरक्षित दिसतो, पण लाल केव्हाच कापला गेलेला असतो, म्हणजे २५५ ला टेकून त्यातले बारकावे गेलेले असतात. मग पाकळीवरच्या रेघा जातात आणि फूल प्लास्टिकचं दिसतं. ऑल्ट दाबून व्हाइट्सचा (सर्वात उजळ भागांचा) स्लायडर हलवा. काळ्या पडद्यावर सोनकीच्या जागी लाल डाग उमटले की मागे या. वर सॅच्युरेशन वाढवणं म्हणजे आगीत तेल. हवाच असेल तर व्हायब्रन्स +१० पर्यंत. आधीच भडक असलेल्या रंगांना तो कमी हात लावतो. शिवाय पिवळ्याचं ल्युमिनन्स (उजळपणा) -१० केलं की पाकळीचा पोत बऱ्याचदा परत येतो. रॉमध्येही सगळे चॅनेल कापलेले असतील तर मात्र काहीच परत येत नाही.

तेरड्याने फ्रेम भरली की ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा आपोआप करतो ती रंगदुरुस्ती) फसतो. एवढा गुलाबी रंग कॅमेऱ्याला दोष वाटतो आणि तो हिरव्याकडे झुकतो. लाइटरूममध्ये 'हा भाग राखाडी धर' असं सांगणारा आयड्रॉपर जांभ्याच्या दगडावर टेकवू नका, तो मुळातच तांबूस. त्याला राखाडी केलं तर सगळं पठार निळं पडतं. गेंदाचं पांढरं फूल बरं, पण तेही जळालेलं नको. काहीच सापडलं नाही तर रंग-तापमान ६००० ते ६५०० केल्व्हिनपासून सुरू करा आणि टिंट (हिरवा-गुलाबी तोल) नजरेने जुळवा.

डीहेझ, म्हणजे धुकं कापणारा स्लायडर, हे आपल्याकडचं लाडकं हत्यार. +१० च्या पुढे धुकं निळसर-जांभळं होतं आणि मग श्रावणातलं कास दिवाळीतलं वाटायला लागतं. त्यापेक्षा ब्लॅक्स (सर्वात गडद भाग) खाली आणायचे ते ग्रेडियंट मास्क (बदल फोटोच्या एका भागापुरताच ठेवणारा पडदा) लावून, फक्त पुढच्या ओल्या दगडापुरते. त्याची सर्वात गडद फट १५ ते २० वर थांबवा. मागच्या धुक्यात खरा काळा रंग नसतोच, तिथे तो घालू नका.

मोबाइलवर काम करत असाल तर स्नॅपसीड या ॲपमध्ये आधी ट्यून इमेजमधले शॅडोज थोडे वाढवा. अँबियन्स शेवटी, अगदी चिमूटभर, कारण तो रंगही भडक करतो. स्क्रीनचा ब्राइटनेस मात्र निम्म्यावर ठेवा. पूर्ण ब्राइटनेसवर नीट दिसलेला फोटो मॅट कागदावर छापून आला की पुन्हा काळपटच दिसतो.