तुम्ही विचारलंत म्हणून: नाट्यगीताच्या क्लासमध्ये डिस्नीची गाणी कशाला?

आमच्या पार्ल्याच्या क्लासला नवीन पालक आले की महिन्याभरात हा प्रश्न येतोच, कधी व्हॉट्सअॅपवर, कधी मुलांना न्यायला आल्यावर दारात चपला शोधता शोधता. "ताई, मुलीला नाट्यसंगीत शिकायला पाठवलंय आणि ती घरी येऊन इंग्लिश कार्टूनमधली गाणी गुणगुणतेय, हे काय चाललंय?" काहींना खरंच कुतूहल असतं, काहींना फी वाया जातेय असं वाटतं. दोघांनाही उत्तर एकच आहे म्हणून एकदाच लिहून टाकते.

मी ऐकवते ते कार्टून नाही हो, एका स्टेजच्या गायकाचा अल्बम आहे. मायकल क्रॉफर्ड. १९८६ साली लंडनमध्ये 'फँटम ऑफ द ऑपेरा' हे संगीत नाटक आलं त्यातला पहिला फँटम हाच, मग १९८८ ला ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाटकवाल्या भागातही हाच, आणि दोन्हीकडे मोठी बक्षिसं घेऊन बसला. (२०२५ मध्ये बीकेसीला ते नाटक आलं होतं, तिकिटाचे भाव बघून आमच्या घरात शांतता पसरली होती ते जाऊ दे.) गंमत म्हणजे त्याआधी ब्रिटिश टीव्हीवर हा माणूस एका धांदरट नवऱ्याची कॉमेडी भूमिका करायचा, जिन्यावरून पडायचा, छताला लोंबकळायचा. तर अशा माणसाने २००१ मध्ये डिस्नीच्या फॅमिली सिनेमांमधल्या गाण्यांचा अल्बम केला, नाव सरळ 'द डिस्नी अल्बम'. बार्बरा कुक या ब्रॉडवेच्या गायिकेचा १९८८ चा अल्बम आहे त्याचंही नाव हेच. कुकबाई १९५६ मध्ये 'कँडीड' या संगीत नाटकामध्ये ऑपेरावाल्यांना घाम फुटेल असं गाणं रोज स्टेजवर गात होत्या, म्हणजे दोघांच्याही गळ्यात काय ताकद होती यावर शंका नको.

आता मुद्दा असा की एवढी ताकद असलेला गळा लहान मुलांच्या गाण्यात काय करतो. ती गाणी फार थोड्या स्वरांची, छोट्या ओळींची, शब्द एकदम साधे, तान घ्यायला जागाच नाही, म्हणजे लपायलाही जागा नाही. शिवाजी मंदिरला मागच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायची सवय लागलेला माणूस स्टुडिओत माइकपासून वीतभर अंतरावर उभा राहतो तेव्हा त्याला आवाज आवरावा लागतो, पण आवरताना शब्द मात्र सोडायचे नाहीत. चांगला स्टेज गायक इथेच कळतो. आवाज हलका होतो, कुजबुजल्यासारखा, तरी ओळीतलं शेवटचं अक्षर गिळलं जात नाही, श्वास मधेच शब्द तोडून घेतला जात नाही. ऑर्केस्ट्रा मला जरा जास्तच गोड वाटतो क्रॉफर्डच्या अल्बमचा, व्हायोलिन्स थांबतच नाहीत, ते मी मुलांनाही सांगते.

आमच्याकडे येणारी बरीचशी मुलं रिअॅलिटी शो बघून आलेली असतात. पद सुरू झालं की दुसऱ्या ओळीला तान, तिसरीला त्याहून मोठी, आणि शब्द म्हणजे नुसती ताना वाळत घालायची दोरी. मी विचारते, हे कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय, आत्ता का म्हणतंय? गप्प. नाटकातलं पद आहे बाबा, मैफलीतली बंदिश नाही, समोर कोणीतरी पात्र उभं आहे! वन्स मोअरच्या नादात आपल्या संगीत नाटकाचंही हेच झालं होतं, एकेक पद इतकं लांबायचं की पुढचा प्रवेश ताटकळत उभा, आणि तरी लोक रात्रभर बसायचे कारण गाणं तसंच होतं. पण दहा वर्षांच्या पोरीने तिथून सुरुवात करू नये असं माझं मत आहे.

म्हणून हत्तीची अंगाई. १९४१ चा 'डम्बो' आठवा, आईला वेडी ठरवून डांबलेलं, पिल्लू भेटायला येतं, ती गजांतून फक्त सोंड बाहेर काढू शकते आणि सोंडेवरच त्याला झुलवते. तिथे जे गाणं आहे त्यात एक जरी मुरकी जास्त घेतली तरी आई खोटी वाटेल. हे मुलांना समजावून सांगावं लागत नाही, सोंड बघितली की कळतं. मग मी लगेच 'कुलवधू'मधलं 'बोला अमृत बोला' लावते, १९४२ चं, ज्योत्स्नाबाई भोळे. आता ऐका म्हणते, या कशा आवरून गातायत. म्हणजे आपल्याकडे हे नाही असं अजिबात नाही, फक्त मुलांचा कान तिकडे वळवायला मला हत्ती लागतो.

आणि एक, ही गाणी सिनेमाची म्हणून स्टेजला परकी असंही नाहीये. गीतकार हॉवर्ड अॅश्मन आणि संगीतकार अॅलन मेन्केन ही जोडी नाटकातून आलेली, १९८२ चं 'लिटिल शॉप ऑफ हॉरर्स' त्यांचंच, आणि मग त्यांनी 'लिटिल मर्मेड' (१९८९) आणि 'ब्यूटी अँड द बीस्ट' (१९९१) केले ते नाटक रचावं तसेच, म्हणजे नायिकेला काय हवंय ते तिने सुरुवातीलाच गाऊन सांगायचं. अॅश्मन १९९१ च्या मार्चमध्ये चाळिसाव्या वर्षी गेला, दुसरा सिनेमा पूर्ण झालेला त्याने पाहिलाच नाही. त्यातल्या चहाच्या किटलीचा आवाज अँजेला लॅन्सबरीचा, मेणबत्तीदानाचा जेरी ऑरबाखचा, दोघंही ब्रॉडवे गाजवलेले. २०१५ ला हेच 'ब्यूटी अँड द बीस्ट' मुंबईत वरळीच्या डोममध्ये आपल्याच कलाकारांनी स्टेजवर केलं तेव्हा मला तरी ते परत घरी आल्यासारखं वाटलं.

उलट, म्हणजे स्टेजवरून सिनेमाकडचा प्रवास नेहमी जमतोच असं नाही. बालगंधर्व १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथ झाले, पुरुषवेशात, पण सिनेमात ते रमले नाहीत, परत स्टेजकडेच गेले. पुलंना मात्र जमलं, हाडाचा नाटकवाला माणूस, त्यांनी १९५३ च्या 'देवबाप्पा' सिनेमात चाल दिली ते 'नाच रे मोरा' अजून प्रत्येक बालवाडीत चालू आहे. हेही आमच्या क्लासमध्ये होतं, त्याबद्दल मात्र कोणी तक्रार करत नाही!

तर घरी हत्तीचं गाणं चालू असेल तर चालू दे. फक्त सोबत मायनस ट्रॅक (गायकाचा आवाज काढलेली नुसती साथ) लावून माइक हातात देऊ नका, निदान दिवाळीपर्यंत तरी.