विषयपत्रिकेवर न आलेला विषय

जिनिव्हात जागतिक आरोग्य सभेचं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या वार्षिक सभेचं, 76 वं अधिवेशन होतं, मे 2023 मध्ये. आमच्या संस्थेने मला पाठवलं होतं ते टिपणं काढायला. दिवसभर भाषणं ऐकायची आणि रात्री पुण्याच्या ऑफिसला सारांश पाठवायचा. रविवारी उद्घाटन झालं आणि सोमवारी, 22 तारखेला, तैवानचा विषय निघाला. ‘निघाला’ म्हणणंही जरा जास्तच होईल.

तैवान संघटनेचा सदस्य नाही; चीन त्याला आपलाच भाग मानतो. मागणी साधी होती: तैवानला निरीक्षक म्हणून बोलवा. मत नको, सदस्यत्व नको, नुसती बसायला जागा. पण हा विषय विषयपत्रिकेवर घ्यायचा की नाही, इथेच घोडं अडतं. विषयपत्रिका ठरवणारी सर्वसाधारण समिती ‘घेऊ नये’ अशी शिफारस करते आणि ती सभेपुढे येते. वर्षानुवर्षं ठरलेल्या रिवाजाप्रमाणे दोन देश बाजूने बोलतात, दोन विरोधात. त्या सोमवारी एस्वातिनी आणि मार्शल बेटं बाजूने होती, चीन आणि पाकिस्तान विरोधात. मतदान नाहीच. मला वाटलं होतं, खडाजंगी होईल. प्रत्यक्षात आमच्या हाउसिंग सोसायटीच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम करतात, तशा थाटात सगळं उरकलं.

वहीत चार देशांची नावं लिहून मी खाली रेघ मारली आणि मग डोक्यात किडा वळवळायला लागला. अमेरिकेने ‘तैवानला बोलवा’ असं जाहीर निवेदन आधीच काढलं होतं. मग हात वर करायची वेळ का येऊ देत नाहीत? माझ्या मते उत्तर सरळ आहे. मतदान झालं की प्रत्येकाला बाजू घ्यावी लागणार, आपल्या भारतालाही. दोन विरुद्ध दोनमध्ये सगळ्यांचीच सोय होते. तैवानच्या मित्रांनी मैत्री निभावली, चीनने विरोध नोंदवला, बाकीचे मोकळे.

दुपारी सभा भरते त्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीच्या गेटबाहेर आले. समोरच्या चौकात ती प्रसिद्ध लाकडी खुर्ची आहे, बारा मीटर उंच, एक पाय तुटलेला. तिथून जवळच एका कॅफेत माझी तैवानी मैत्रीण लॅपटॉप उघडून बसली होती. ताइनान शहरात डेंग्यू नियंत्रणाचं काम करते. राष्ट्रसंघाच्या इमारतीत तैवानचा पासपोर्ट ओळखपत्र म्हणून चालत नाही, त्यामुळे सभेचं थेट प्रक्षेपण ती इथेच बसून बघत होती. गेटपासून पाच मिनिटांवर, इंटरनेटवरून!

“झालं?” मी विचारलं.

“झालं. कॉफी गार व्हायच्या आत.”

2009 ते 2016 तैवानचे लोक आत बसत होते, ‘चायनीज तैपेई’ या नावाने. तो कायमचा दर्जा होता, अशी माझी समजूत होती. तिने ती खोडून काढली. दरवर्षी आरोग्य संघटनेच्या महासंचालकांचं पत्र यायचं, त्या एका सभेपुरतं. 2016 च्या पत्रात ‘एक चीन’ (तैवान हा चीनचाच भाग) या तत्त्वाचा आणि राष्ट्रसंघाच्या 2758 क्रमांकाच्या ठरावाचा उल्लेख आला. त्याच मे महिन्यात हे तत्त्व न स्वीकारणाऱ्या त्साई इंग-वेन तैवानच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि 2017 साली पत्र आलंच नाही. 1971 च्या त्या ठरावाने राष्ट्रसंघातली चीनची जागा तैवानमधल्या सरकारकडून काढून बीजिंगला दिली. 1972 मध्ये आरोग्य संघटनेनेही तेच केलं. ठरावात ‘तैवान’ हे नाव कुठेच नाही, यावर तैवानचा भर; प्रश्न तेव्हाच कायमचा मिटला, हे चीनचं म्हणणं. आणि पत्रावर मिळालेली खुर्ची पत्राबरोबरच जाते. पॅलेस्टाईनचं तसं नाही. त्यांचं निरीक्षकपद सभेच्या ठरावांवर उभं आहे. 2024 मध्ये तर मताधिकार वगळता सदस्याचे बहुतेक हक्क त्यांना मिळाले.

राजकारणावर ती फार वेळ बोलली नाही. तिला आमच्या गप्पी माशांबद्दल ऐकायचं होतं. 2015 साली ताइनानमध्ये डेंग्यूचे वीस हजारांवर रुग्ण झाले होते. तेव्हा पथकं घराघरांत जाऊन बादल्या, कुंड्यांखालच्या ताटल्या, टायर रिकामे करत होती. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कडा घासाव्या लागतात, कारण अंडी भांड्याच्या भिंतीला चिकटून राहतात, हे तिने कॉफीच्या कपात बोट फिरवून दाखवलं. मी घरातली पाण्याची भांडी रिकामी करून ठेवायच्या, आठवड्याच्या कोरड्या दिवसाबद्दल सांगितलं. आशाताई टॉर्च घेऊन पिंपात डोकावतात, तेही. “आणि लोक दार उघडतात?” तिचा लगेच प्रश्न. इतकं कामाचं बोलणं त्या दिवशी आत माझ्या कानावर पडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या मंत्र्यांच्या काही बैठका होत्या, हॉटेलात. तैवानचे आरोग्यमंत्री आमंत्रण नसतानाही जिनिव्हात येतातच आणि ज्यांना भेटायचंय ते तिकडे जाऊन भेटतात. ही मागच्या दाराची व्यवस्था सगळ्यांना ठाऊक आहे.

रात्री मी सारांशात तैवानवर तीन परिच्छेद लिहिले. ऑफिसातून सरांचा निरोप आला, “निर्णय एका ओळीत द्या, बाकी काढा.” काढलं.

2024 आणि 2025 मध्येही निकाल तोच लागला. मैत्रीण मात्र जिनिव्हातली खोली जानेवारीतच बुक करून टाकते. सभेच्या दिवसांत तिथे हॉटेलांचे दर परवडत नाहीत म्हणे.