तुम्ही विचारलंत म्हणून : वहीतले रिकामे चौकोन

"नोकरी करून, घर सांभाळून, या वयात मोडी शिकलात कशा? आणि मुख्य म्हणजे, मध्येच सोडली कशी नाहीत?"

हा प्रश्न मला बँकेच्या काउंटरवर विचारून झालाय, लग्नाच्या पंगतीत विचारून झालाय, एकदा तर सातारा-वाई एसटीत उभ्या उभ्या. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हापासून जास्तच. घरोघरच्या ट्रंका उघडल्या, मोडीत, म्हणजे मराठीच्या जुन्या हातलिपीत, लिहिलेले कागद बाहेर आले आणि ते वाचणारी माणसं कमी पडायला लागली. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना मोडी शिकायचीच नसते. कुणाला पेटी शिकायची असते, कुणाला वजन उतरवायचं असतं, कुणाला राहिलेली पदवी पुरी करायची असते. त्यांना माझ्याकडून वेळ कसा काढायचा ते हवं असतं. काउंटरवर मागे रांग असते, तिथे दोन वाक्यांत सांगून भागत नाही. म्हणून आज सवडीने लिहिते.

पहिली गोष्ट, मी सोडली होती. दीड वर्षं.

माहेरचा वाडा उतरवायला काढला तेव्हा माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक सापडली. आत लाल फडक्यात बांधलेले त्रेचाळीस कागद. कोणाचा जमिनीचा वाद नव्हता, कोर्टकचेरी नव्हती. भाऊ म्हणाला, "तुला हौस आहे, तू ठेव." आजोबांनी त्यातले कितीतरी कागद घडघडा वाचले असणार, कारण त्यांच्या पिढीला शाळेत मोडी होती. वडिलांना थोडी येत होती. माझ्यापर्यंत काहीच आलं नाही. आपल्याच घरचा कागद आपण उलटा धरला तरी आपल्याला कळणार नाही, हे मला फार लागलं. तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते.

दहा दिवसांचा एक वर्ग केला. मुळाक्षरं, बाराखडी, काही छापील उतारे. वर्गात सगळं यायचं. घरी येऊन ट्रंकेतला कागद उघडला आणि एक ओळ लागेना.

'अक्षर लागणं' हा आम्हा मोडी वाचणाऱ्यांचा शब्द. अक्षर वाचलं असं आम्ही म्हणत नाही, लागलं म्हणतो. ज्यांनी मोडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेतो आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जातो. शब्द तोडत नाही. विरामचिन्हं नाहीत. ह्रस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाही, 'दिन' आणि 'दीन' एकच. काना जोडला की पुष्कळ अक्षरांचं रूपच बदलतं. आणि हे सगळं ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे. एका कारकुनाचं अक्षर ओळखीचं झालं म्हणून दुसऱ्याचं होत नाही.

तेव्हा मी ठरवलं होतं : सगळी ट्रंक वाचून काढायची, दर रविवारी तीन तास बसायचं. हा बेत मी मनापासून केला होता आणि तो पाच रविवार चालला. रविवारी पाहुणे असतात, दळण असतं, सासूबाईंची औषधं आणायची असतात. एक रविवार चुकला की पुढच्या रविवारी सहा तास बसायला हवं असं वाटायचं, आणि सहा तास कुठून आणायचे? शेवटी ट्रंक दिवाणाखाली गेली. येता-जाता पाय लागला की मन खजील व्हायचं, एवढंच तिचं माझं नातं उरलं.

पुन्हा सुरुवात झाली ती एका साध्या कारणाने. पहाटे साडेपाचला दूध तापायला ठेवते आणि ते उतू जाऊ नये म्हणून ओट्यापाशीच उभी असते. ती दहा-बारा मिनिटं माझी असतात. त्या वेळात मला कोणी हाक मारत नाही. एक दिवस एका कागदाची झेरॉक्स ओट्यावर डब्याला टेकवून ठेवली. एक ओळ पाहिली. दुसऱ्या दिवशी दुसरी.

मग तेच ठरवलं. रोज पाच ओळी, पाचाच्या वर नाही. तुमच्यापैकी अनेकांना हे 'वर नाही' पटत नाही, पण माझ्या मते सगळा टिकाव त्यातच आहे. उत्साहाच्या दिवशी वीस ओळी वाचल्या की दुसऱ्या दिवशी पाच ओळी क्षुल्लक वाटतात आणि मग एकही होत नाही. पाच ओळींवर थांबलं की सहावी ओळ दिवसभर डोक्यात राहते. कॅश मोजताना मला कितीदा आदल्या पहाटेचा शब्द लागलाय.

तयारी रात्रीची. झेरॉक्स, भिंग, पेन्सिल, दुरेघी वही, सगळं झोपायच्या आधी ओट्याच्या कडेला. मूळ कागद कधीच स्वयंपाकघरात नाही. (तुमच्याकडे जुने कागद असतील तर हात जोडून सांगते : लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. दोन्हींनी कागद मरतो. सुती फडक्यात, कोरड्या जागी, घडी न घालता ठेवा.) पहाटे उठून भिंग शोधावं लागलं असतं तर मी तिसऱ्या दिवशीच थांबले असते. माणूस पहाटे फार कमकुवत असतो. त्याच्या वाटेतला एकेक खडा रात्रीच उचलून ठेवावा लागतो.

इथवर सवयीचं झालं. पण नुसत्या सवयीने मी तरले नसते. बदलावं लागलं ते डोक्यात, आणि ते सांगायला मला जास्त जागा लागणार आहे.

मी अंदाज करत होते. शाळेपासून आपल्याला तेच शिकवलेलं असतं, रिकामी जागा सोडायची नाही, काहीतरी लिहायचं. एका खरेदीखतात चतुःसीमा होती. चतुःसीमा म्हणजे जमिनीच्या चारी बाजूंना काय आहे त्याची नोंद. तिथे मी 'पूर्वेस वोढा' असं वाचलं. ओढा 'वोढा' असा लिहायची तेव्हाची रीतच होती. आणि आमच्या त्या शेताच्या पूर्वेला आज ओढा आहेच! इतका आनंद झाला की भावाला फोन केला. पुढे महिन्याभराने त्याच कारकुनाच्या हातचा दुसरा कागद वाचताना लक्षात आलं की तो शब्द 'वाडा' आहे. मी अक्षर वाचलंच नव्हतं, मला ठाऊक असलेलं शेत वाचलं होतं. आणि त्या एका ओढ्यापायी पुढच्या आठ ओळी मी ओढून-ताणून जुळवून घेतल्या होत्या.

त्या दिवशी वर्गातल्या सरांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "न लागलेल्या अक्षराला चौकोन काढा आणि पुढे जा."

चौकोन. जितकी अक्षरं लागली नाहीत तितके चौकोन, पेन्सिलीने, आत काही न लिहिता. पहिल्या पानावर चौकोनच जास्त होते. वही कुणाला दिसू नये म्हणून मी ती कपाटात ठेवायची. आपल्याला येत नाही हे रोज सकाळी स्वतःच्या हाताने, नीट चार रेघा ओढून कबूल करायचं, हे त्या वयात सोपं नव्हतं. बँकेत माझ्याकडे लोक अडलेलं विचारायला येतात आणि घरी मी पहिलीतल्या पोरीसारखी. पण हळूहळू त्या चौकोनांची भीती गेली. भरलेलं चुकीचं अक्षर पुढच्या सगळ्या ओळी बिघडवतं. रिकामा चौकोन कोणाचं काही बिघडवत नाही, वाट पाहत बसतो. दर शनिवारी नवीन ओळी घ्यायच्या नाहीत, जुने चौकोन पाहायचे, असं मी ठरवून घेतलं. महिन्यापूर्वी न लागलेलं अक्षर एखाद्या शनिवारी सहज लागतं. मधल्या काळात आपण त्याच्यावर मेहनत घेतलेली नसते, दुसऱ्याच ओळींवर घेतलेली असते. मला यातलं नवल अजून ओसरलेलं नाही.

आणि मग 'आज किती जमलं' हे मोजायचंच मी सोडून दिलं. बसले की नाही, एवढंच कॅलेंडरवर टिंब देऊन मांडायचं. पाचही ओळी चौकोनांनी भरल्या तरी टिंब द्यायचं.

पहिल्या कागदाला एक्केचाळीस दिवस लागले. ट्रंकेत सगळ्यात जुना एक पेशवाईतला कागद होता, त्यावर साल अरबी शब्दांत : 'इसन्ने सबैन मया व अलफ'. दोन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली एक कालगणना) ११७२. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७१. शुहूर सन मृगाला, जूनच्या सुरुवातीला, बदलतो, म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखांना ६०० मिळवायचे. हे अरबी आकडे मी भाजी निवडताना पाठ केले : इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस. माझी धाकटी मुलगी अजून पाढ्यासारखे म्हणून दाखवते.

वयाचं विचारता म्हणून सांगते. 'मराठी रियासत' लिहिणारे इतिहासकार, रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १८६५ साली जन्मले. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले निवडक कागद त्यांच्या देखरेखीखाली ४५ भागांत छापून निघाले ते १९३० ते १९३४ या वर्षांत. म्हणजे पासष्टी ते सत्तरीच्या दरम्यान. त्यांची विद्वत्ता माझ्याकडे नाही, पण 'आता उशीर झाला' हे वाक्य मी हे कळल्यापासून तोंडात येऊ दिलं नाही.

मध्ये खंड पडला. आईचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि चार महिने मी माहेरी-सासरी आणि बँकेत अशी फिरत होते. कॅलेंडरवर एकही टिंब नाही. या वेळी मात्र ट्रंक दिवाणाखाली गेली नाही. परतल्यावर मी राहिलेल्या ओळींचा हिशेब केला नाही, मागचं भरून काढायचं असं म्हटलं नाही. पहिला आठवडा रोज एकच ओळ, तीही आधी वाचून झालेल्या कागदातली. हात आणि डोळा परत जागेवर आले की मग पाच. माझ्या पहिल्या दीड वर्षाच्या खंडात आणि या चार महिन्यांत एवढाच फरक होता, की पहिल्या वेळी मी थकबाकी धरून बसले होते.

त्रेचाळीस कागद संपायला दोन वर्षं आणि वर काही महिने लागले. शेवटचे कागद तीन-तीन दिवसांत व्हायचे, कारण खरेदीखत, गहाणखत यांची भाषा ठरलेली असते. 'कारणे लिहून दिले ऐसाजे' आलं की पुढचं पाऊल कुठे पडणार ते कळतं.

एक कागद मात्र राहून राहून सांगावासा वाटतो. १८९१ सालचं गहाणखत. मजकूर सगळा लागला होता : माहेरून मिळालेलं शेत गहाण, रुपये पंचाहत्तर, मुलाचे विद्याभ्यासाकरिता. लिहून देणारीचं नाव भागीरथी. शेवटी, सह्यांच्या जागी, एक लहान गोल होता आणि त्याच्या शेजारी सहा अक्षरं. गोल मी दौतीचा डाग समजले. अक्षरांच्या जागी वहीत चौकोन काढले. ते चौकोन वर्षभर तसेच होते.

मग एका शनिवारी शेजारच्या गावच्या एका कुणब्याचा कागद पाहत होते. तो माझ्या ट्रंकेतला नव्हता, कोणीतरी वाचायला दिलेला होता. खाली छोटासा नांगर काढलेला आणि शेजारी 'निशाणी नांगर'. लिहिता न येणारा माणूस सहीऐवजी आपल्या कामाची खूण काढायचा. मी उठले आणि गहाणखत काढलं. तो गोल डाग नव्हता. 'निशाणी बांगडी'.

रविवारी कागद घेऊन आईकडे गेले. आई आता काठी घेऊन चालते. साठ वर्षांपूर्वी ती त्या वाड्यात सून म्हणून आली, आणि घरात जी वंशावळ लिहिलेली आहे तिच्यात सगळे पुरुषच आहेत. आजोबांच्या आजीला सगळे 'मोठ्या आई' म्हणायचे, नाव कोणी कधी सांगितलंच नाही. मी आईला अक्षरावर बोट ठेवून वाचून दाखवलं. तिने चष्मा लावला, तो गोल बराच वेळ पाहिला.

"भागीरथी," ती म्हणाली. मग म्हणाली, "परत वाच."