केप ब्रेटनला जाताय? कॅबट ट्रेलच्या आधी जूडीक-माबूला थांबा

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, नोव्हा स्कोशिया प्रांताच्या टोकाला केप ब्रेटन बेट आहे. तिथे जाणारे बहुतेक जण कॅबट ट्रेल या 298 किलोमीटरच्या वळणावळणाच्या रस्त्यासाठी जातात, घाईघाईने फेरी मारतात, फोटो काढतात आणि परततात. रस्ता सुंदरच आहे. आम्ही मात्र गेलो ते फिडल, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन, ऐकायला आणि गेलिक ही स्कॉटलंडची जुनी भाषा बोलणारी माणसं भेटतात का ते बघायला. परत आल्यापासून भेटेल त्याला मी हेच सांगतेय, की स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून हुसकावलेल्या लोकांनी सोबत काय आणलं आणि जपलं ते पाहायचं असेल तर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर मुक्काम करा आणि संध्याकाळचा वेळ राखून ठेवा.

मागची हकिगत थोडक्यात सांगते. 18व्या शतकाच्या उत्तरार्धापासून हायलँड्स म्हणजे याच डोंगराळ भागातल्या जमीनदारांना कुळांपेक्षा मेंढ्या परवडू लागल्या. खंड वाढले, वस्त्याच्या वस्त्या उठवल्या गेल्या. किनाऱ्यावर समुद्रशेवाळ जाळून त्याची राख विकायचा धंदा होता, तो नेपोलियनची युद्धं संपल्यावर बसला. 1840च्या दशकात बटाट्यावर रोग पडला. माणसं जहाजात बसली, आणि शक्यतो एका भागातली एकत्रच उतरली. लोकाबर भागातली माबूच्या आसपास, बॅरा बेटावरची आयोनाजवळ, लुइस आणि हॅरिसची उत्तर किनाऱ्यावर. शेजारी ओळखीचे, भाषा एकच, जवळपास दुसरं कोणी नाही. गाणी आणि वादनाची घराघरातली ढब एवढी टिकली ती त्यामुळेच, असं मला वाटतं.

हॅलिफॅक्सला उतरून गाडी भाड्याने घ्या. गाडीशिवाय हा प्रवास जमणार नाही, गावागावांत जाणाऱ्या बस नाहीत. थेट बेटावर न जाता वाटेत पिक्टोकडे वळा. इथल्या धक्क्यावर ‘हेक्टर’ या जहाजाची प्रतिकृती आहे. मूळ जहाज 1773 मध्ये स्कॉटलंडच्या लॉक ब्रूमहून दोनशेच्या आसपास प्रवासी घेऊन निघालं. देवी आणि हगवणीने वाटेत 18 मुलं दगावली. न्यूफाउंडलंडजवळ वादळात जहाज मागे ढकललं गेलं आणि सप्टेंबरात ते पिक्टोला लागलं, पेरणीची वेळ केव्हाच टळून गेलेली. कबूल केलेली जमीन किनाऱ्यापासून मैलोगणती आत, दाट जंगलात निघाली. ज्या लोकांच्या मुलखात झाडं जेमतेम होती त्यांच्या हातात कुऱ्हाड आली. 1819 मध्ये टिरी बेटावरून आलेला कवी जॉन मॅकलीन याने याच जंगलातल्या एकटेपणावर गेलिकमध्ये जे लिहिलं, ते आजही इथे गायलं जातं. धक्क्यावरच्या संग्रहालयाला तासभर पुरे, पण हा तास चुकवू नका, पुढचं सगळं त्याने उलगडतं.

पिक्टोहून अँटिगोनिश करत पुढे गेलं की कॅन्सो कॉजवे लागतो. समुद्रात दगडांची भर घालून केलेला हा रस्ता 1955 मध्ये खुला झाला, तोवर बेटावर जायला फेरीबोटच होती. पलीकडे पोर्ट हेस्टिंग्जला पर्यटक माहिती केंद्र आहे. तिथे नक्की उतरा आणि त्या आठवड्यात कुठल्या गावात कुठे नाच आणि कुठे ‘केली’ आहे ते विचारून घ्या. केली म्हणजे फिडल, पियानो, गाणी, गोष्टी आणि चहा अशी मैफल, पूर्वी कोणाच्याही स्वयंपाकघरात रंगायची. केंद्रातल्या बाईंनी आम्हाला आठवडाभराची ठिकाणं पेनाने कागदावर लिहून दिली. इंटरनेटवर शोधत बसलो असतो तर त्यातली निम्मी सापडली नसती. इथून सरळ 105 नंबरचा महामार्ग बडेककडे जातो. तुम्ही डावीकडे, 19 नंबरच्या किनारी रस्त्याला लागा.

जूडीकला केल्टिक संगीताचं केंद्र आहे. उन्हाळ्यात दुपारच्या जेवणाला तिथे बसलं की कोणी ना कोणी वाजवत असतंच. आत प्रदर्शनात गावोगावच्या वादकांची ध्वनिमुद्रणं ऐकता येतात. या गावाचे बडी मॅकमास्टर (1924–2014) आयुष्यभर रेल्वेत नोकरी करून रात्री गावोगावच्या नाचांना फिडल वाजवत. पुढे त्यांना स्काय बेटावर शिकवायला बोलावलं गेलं. म्हणजे जिथून ही विद्या निघाली त्या स्कॉटलंडने ती इथून परत नेली. पायांनी ताल धरत करायचा स्टेप डान्सही तसाच. तिकडे तो जवळजवळ विसरला गेला होता आणि 1990च्या सुमारास केप ब्रेटनच्या लोकांकडून पुन्हा शिकला गेला. स्थलांतरितांच्या संस्कृतीकडे आपण मूळ गावाची फिकट नक्कल म्हणून पाहतो. इथे तो समज पार गळून पडतो.

हे आपोआप टिकलं असंही नाही. 1971 मध्ये कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने केप ब्रेटनचे फिडलवाले आता संपत चाललेत अशा आशयाचा माहितीपट दाखवला. गावकऱ्यांना ते लागलं. फादर जॉन अँगस रँकिन आणि इतरांनी हालचाल केली, आणि 1973 मध्ये ग्लेनडेलला शंभराहून अधिक फिडलवाले एका मंचावर उभे राहिले. मुलांना शिकवणं तेव्हापासून जोमाने सुरू झालं. आज मंचावर दिसणारे पंचविशीतले वादक त्याचंच फळ आहेत.

आता शनिवारची रात्र. वेस्ट माबूच्या हॉलमध्ये त्या रात्री स्क्वेअर डान्स असतो. दारात रोख पैसे द्यायचे, आत लाकडी जमीन, भिंतीला लागून बाकं, मंचावर एक फिडल आणि एक पियानो, बस्स. साडेनऊ-दहापर्यंत हॉल रिकामा दिसतो म्हणून निघून जाऊ नका, गर्दी उशिरा होते. पियानोवाल्या मुलीचा डावा हात असा काही चालत होता की बाक थरथरत होतं. जोड्या चौकोनात उभ्या राहतात, पावलं कशी टाकायची ते कोणी सांगत नाही, सगळ्यांना ते लहानपणापासून ठाऊक. मला बारा-तेरा वर्षांच्या एका मुलीने हात धरून ओढलं आणि वळायच्या वेळी खांद्याला नुसता स्पर्श करून दिशा दाखवत नेलं. मध्येच नाच थांबला आणि पांढऱ्या केसांचे एक आजोबा एकटे पुढे आले. हात सैल सोडलेले, कंबरेच्या वरचं अंग निश्चल, आणि पावलं फिडलच्या प्रत्येक स्वराला उत्तर देत होती. टाळ्या पडल्या, ते खाली मान घालून जागेवर जाऊन बसले. तुम्हालाही कोणी बोलावेल. नाही म्हणू नका. सपाट तळव्यांचे बूट मात्र घाला.

माबूत रेड शू नावाचा पब आहे, प्रसिद्ध गायिका रँकिन भगिनींनी चालवायला घेतलेला. संगीत छान, पण जागा लहान, लवकर जा. पुढे ग्लेनव्हिलला ग्लेनोरा डिस्टिलरी आहे, उत्तर अमेरिकेतली पहिली सिंगल मॉल्ट व्हिस्की इथली. ‘ग्लेन’ हे नाव वापरू नये म्हणून स्कॉच व्हिस्की असोसिएशनने त्यांच्याशी अनेक वर्षं कज्जा केला, 2009 मध्ये निकाल ग्लेनोराच्या बाजूने लागला. व्हिस्कीत रस नसेल तर थांबायची गरज नाही.

आयोनाला जायला 105 वरून लिटल नॅरोजची छोटी फेरीबोट घ्या, पाच मिनिटांत पलीकडे. ब्रादोर सरोवराच्या वर उतारावर हायलँड व्हिलेज हे खुलं संग्रहालय आहे. वर दगड-मातीचं, धुराडं नसलेलं, स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवरच्यासारखं घर, मग ओंडक्यांची खोपटी, मग फळ्यांची घरं, दुकान, शाळा, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची वाट चढ-उतार करत चालायची. पहिल्या घरात जमिनीवरच्या चुलीशी बसलेली मुलगी ओटच्या पिठाची जाड भाकरी भाजत होती आणि येणाऱ्याशी आधी गेलिकमध्ये बोलत होती.

तिथेच एका घरात ‘मिलिंग’, म्हणजे लोकरी कापड ठोकून घट्ट करण्याचं काम, सुरू होतं. हातमागावरून उतरलेलं ओलं घोंगडं, दोन्ही टोकं शिवून गोल केलेलं. लांब मेजाभोवती बसायचं, घोंगडं ठोकायचं, पुढे सरकवायचं, आणि ठोक्याच्या तालावर गायचं. एकीने कडवं म्हणायचं, बाकीच्यांनी पालुपद उचलायचं. स्कॉटलंडमध्ये हे बायकांचं काम, इथे पुरुषही बसतात. आमच्याबरोबर सासूबाई होत्या. त्या दोन गाणी नुसतं ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “अगं, हे जात्यावर बसल्यासारखंच आहे. हात थांबले की ओवी थांबते.” शेजारच्या बाईंना मी ते सांगितलं, तर त्यांनी सरकून जागा केली आणि सासूबाईंना आपल्या शेजारी बसवलं. पालुपदातला एक शब्द न कळता त्या ठोक्यावर ठोका देत शेवटपर्यंत गायल्या. तुमच्याबरोबर कोणी वडीलधारं असेल तर आयोना वगळू नका. चढ आहे, पण वर-खाली न्यायला गाडीची सोय विचारा.

एक गोष्ट मनाला टोचते आणि ती सांगायला हवी. गेलिक भाषा एकेकाळी बेटावर हजारो लोक बोलायचे. 1890 मध्ये सिनेटर मॅकइनेस यांनी गेलिकला कॅनडाची तिसरी अधिकृत भाषा करावी असं विधेयक आणलं, ते 42 विरुद्ध 7 मतांनी पडलं. शाळेत गेलिक बोलल्याबद्दल मुलांनी मार खाल्ला. पुढे त्याच मुलांनी आपल्या लेकरांशी इंग्रजीच बोलायचं ठरवलं. दुसरं असं, की जमिनीवरून हाकलले गेलेले हे लोक ज्या जमिनीवर येऊन वसले ती इथल्या मूळनिवासी मिगमॉ लोकांची होती. बेटावर त्यांच्या वस्त्या आजही आहेत. एस्कासोनीचे ली क्रेमो हे मिगमॉ फिडलवादक इथल्या मोठ्या वादकांत गणले जातात. वाघमटकूक ही त्यांची वस्ती बडेकच्या वाटेवरच आहे, तिथलं सांस्कृतिक केंद्र पाहून मगच पुढे जा.

बडेकला ग्रॅहम बेल यांचं संग्रहालय आहे, मुलांबरोबर असाल तर जरूर पाहा. मूळचे एडिनबराचे बेल इथे घर बांधून राहिले आणि 1909 मध्ये इथल्याच गोठलेल्या खाडीवरून ‘सिल्व्हर डार्ट’ विमान उडालं. जुलै-ऑगस्टमध्ये बडेकच्या पॅरिश हॉलमध्ये संध्याकाळी केली असते. निवेदक सगळं समजावून सांगतात, त्यामुळे पहिल्यांदा ऐकणाऱ्यांनी इथूनही सुरुवात करायला हरकत नाही. जवळच सेंट अॅन्सला 1938 मध्ये सुरू झालेलं गेलिक कॉलेज आहे. उन्हाळ्यात भाषा, फिडल, नाच यांचे आठवड्याचे वर्ग असतात. याच परिसरातून धर्मोपदेशक नॉर्मन मॅकलाउड 1851 मध्ये आपल्या माणसांसह पुन्हा जहाजात बसले आणि ऑस्ट्रेलियामार्गे न्यूझीलंडच्या वायपूला जाऊन वसले. आठशेहून अधिक माणसं त्यांच्यामागे गेली.

शाकाहारी मंडळींनी तयारीने जावं. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत चावडर, लॉबस्टर, मासे हेच मुख्य. ओटकेक आणि चहा सगळीकडे मिळतो, पण त्यावर दिवस काढता येत नाही. आम्ही दशम्या आणि चटणी नेली होती आणि पोर्ट हॉक्सबरीच्या सुपरमार्केटमधून दही-फळं घेतली. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. बेटावरच्या सिडनी शहरात केप ब्रेटन विद्यापीठामुळे भारतीय विद्यार्थी खूप आहेत, तिथे आपलं जेवण आणि किराणा मिळतो.

फोनची रेंज मधूनमधून जाते, नकाशा आधीच उतरवून ठेवा. पेट्रोल अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. उत्तरेकडे संध्याकाळनंतर रस्त्यावर मूस जातीची प्रचंड हरणं येतात, नाचाहून रात्री परतताना गाडी हळू हाका आणि मुक्काम हॉलच्या जवळचाच घ्या. जूनमध्ये काळ्या माश्या चावतात. ऑक्टोबरच्या मध्यानंतर बहुतेक संग्रहालयं आणि खोल्या बंद होतात. पानगळीचे रंग आणि संगीत दोन्ही हवं असेल तर ऑक्टोबरमधला नऊ दिवसांचा केल्टिक कलर्स महोत्सव गाठा. तो 1997 पासून भरतो आणि कार्यक्रम बेटभरच्या छोट्या हॉलांमध्ये होतात. खोल्या उन्हाळ्यातच संपतात, म्हणून आधी मुक्काम पक्का करा आणि तिकिटं मग त्या गावाच्या आसपासची घ्या.