कूलंट किती ते नंतर, आधी पाणी कुठलं ते सांगा

नागपूरजवळच्या वाडीला अमरावती रोडवर गाडी उभी करून माणूस माझ्या रेडिएटरच्या दुकानात येतो. हातात कूलंटचा डबा असतो आणि प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, जुनी गाडी आहे. कूलंट किती टाकू न् पाणी किती?" उन्हाळा लागला की रोज कोणी ना कोणी हे विचारतंच. 'निम्मं-निम्मं' म्हणून मोकळं होता येतं, पण मी उलट विचारतो, पाणी कुठलं टाकणार? माझ्याकडे येणारे बहुतेक रेडिएटर कूलंटच्या मापानं नाही, पाण्यानं खराब झालेले असतात.

मागच्या उन्हाळ्यात उमरेडकडून कोळसा वाहणारी एक जुनी दहाचाकी आली. भरलेली गाडी चढाला लागली की काटा लालमध्ये. मालकानं पट्टा बदलला, वॉटर पंप बदलला, गाडी तापायची ती तापतच होती. रेडिएटर उतरवला, गॅस मारून वरच्या टाकीची डाक, म्हणजे सांधा जोडणारं झाळण, सोडवली आणि टाकी बाजूला केली. निम्म्याहून जास्त नळ्यांच्या तोंडाला पांढरी कड धरलेली. पातळ पट्टी आत घातली तर चार बोटांवर अडायची. खरवडल्यावर एक खपली निघाली ती मालकाच्या तळहातावर ठेवली. अंड्याच्या टरफलासारखी, तेवढीच जाड. "हे कुठून आलं?" म्हणाले. पार्किंगच्या बोअरमधून. घरी बादलीला आणि नळाच्या तोटीला बोअरच्या पाण्यानं जो थर चढतो, तोच हा. फरक एवढाच की तापलेल्या धातूवर तो फार लवकर बसतो.

रेडिएटर तरी उघडून साफ करता येतो. इंजिनाच्या आत, सिलिंडरभोवती बसलेल्या थराची मला जास्त काळजी वाटते. तो उष्णता पाण्यापर्यंत पोचूच देत नाही. काटा पाण्याचं तापमान दाखवतो, लोखंडाचं नाही. काटा ठीक दिसत असताना आत धातू होरपळत असतो, आणि मालकाला कळतं ते हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालचं पॅकिंग) उडाल्यावर. शिवाय कूलंटमध्ये गंज थांबवणारी जी द्रव्यं असतात, त्यातली काही या क्षारांशी लढण्यातच खर्ची पडतात. म्हणून महाग कूलंट आणून त्यात बोअरचं पाणी ओतलेलं पाहिलं की मला वाईट वाटतं. बॅटरीवाल्याकडे डिस्टिल्ड वॉटरचे कॅन मिळतात, तेच घ्या.

आता माप. पुष्कळ जण म्हणतात, "आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट काहून टाकाव?" २३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा गावात न गोठण्यासाठी कोणी कूलंट टाकत नाही, हे खरंच. आपल्याला ते गंजासाठी हवं, आणि थोडं उकळबिंदूसाठी. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा उकळबिंदू पाण्यापेक्षा सहा-सात अंशांनी वर जातो. याच्या दुपटीहून जास्त फायदा रेडिएटरची कॅप देते. कॅपवर ०.९ (बार, म्हणजे दाबाचं माप) लिहिलेलं असेल आणि तिचं रबर-स्प्रिंग शाबूत असेल, तर दाबानं उकळबिंदू जवळपास १८ अंशांनी चढतो. गाडी पाणी फेकत असेल तर कूलंट वाढवण्याआधी कॅप बघा. मात्र गाडीला जेवढ्या दाबाची दिली आहे तेवढीच लावा, जास्तीची लावली तर जुनी डाक सुटते.

उष्णता वाहून नेण्यात मात्र पाणीच सरस. कूलंटचं प्रमाण वाढवत नेलं की मिश्रण दाट होतं आणि तीच गाडी जास्त तापते. नुसतं कूलंट भरून आलेली गाडीसुद्धा मी पाहिली आहे. म्हणून विदर्भात फिरणाऱ्या जुन्या ट्रकला मी ४० टक्के कूलंट, ६० टक्के पाणी ठेवतो. एक तृतीयांशाच्या खाली उतरू नका, गंजरोधक पुरत नाही. काश्मीरहून सफरचंद भरून कळमन्याच्या बाजारात येणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी. तिला पूर्ण निम्मं-निम्मं. ते उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही.

भरताना एक चूक सगळेच करतात. जुनं पाणी काढलं, आत धुतलं, तरी इंजिनाच्या पोटात चार-पाच लिटर धुतलेलं पाणी राहतंच. वरून तयार मिश्रण ओतलं की ते पातळ होतं. समजा गाडीत एकूण २० लिटर मावतं. मग आधी नुसतं कूलंट ८ लिटर ओतायचं आणि वर येईपर्यंत डिस्टिल्ड पाणी. शेवटचं धुणंही डिस्टिल्डनंच. इंजिन थंड असताना कॅप उघडी ठेवून चालू करा. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) उघडला की हवा निघते, पातळी खाली जाते, तेवढं भरा. हो, थर्मोस्टॅट काढून फेकू नका. ज्या इंजिनात बायपासची वाट आहे तिथे तो काढला की बरंचसं पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आतच फिरतं.

डबा विकत घेताना पाणी मिसळायचं कूलंट आहे की मिसळून आलेलं, हे वाचा. मिसळून आलेल्यात पुन्हा पाणी टाकलं तर हाती रंगीत पाणी उरतं. हिरवा, गुलाबी या रंगांवर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा रंग आपापला असतो. तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरला, ज्याचे जोड शिशाच्या डाकेचे आहेत, सिलिकेटचं जुन्या पद्धतीचं कूलंट मानवतं. 'लाँग लाइफ'वाली काही कूलंट ती डाक खातात. जुन्या पद्धतीचं दर दोन वर्षांनी बदलायचं. ओल्या लायनरचं, म्हणजे ज्याच्या सिलिंडरच्या नळीला बाहेरून थेट पाणी लागतं असं, डिझेल इंजिन असेल तर हेवी ड्यूटीचंच घ्या. लायनर थरथरतो तेव्हा त्याच्या पाठीवर बारीक बुडबुडे फुटतात, आणि ते टोचून टोचून लोखंडाला आरपार भोक पाडतात. असा एक लायनर दुकानात ठेवला आहे, कोणालाही दाखवतो.

काढलेलं कूलंट नालीत सोडू नका. गोड असतं, कुत्री चाटतात, गाई पितात आणि तडफडून मरतात. आमच्या दुकानासमोरचं एक कुत्रं असंच गेलं. तेव्हापासून मी ते झाकणाच्या ड्रममध्येच काढतो.

आणि सीटखाली पाच लिटर डिस्टिल्ड पाणी असू द्या. कुरईच्या घाटात गाडी तापली तर इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत थांबा, मग कॅपवर फडकं टाकून हळू फिरवा, आणि तेच पाणी घाला.